फोटो क्रमांक चार

मल्लिनाथ गुरुजींनी आंबुलवाडीच्या जुन्या शाळेचे चार फोटो काढून द्यायचं कबूल केलं. एवढंच. त्यातून पुढे एका जिवंत माणसाच्या श्रद्धांजलीला दोन टेम्पो भरून पाव्हणे येतील, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर गुरुजींनी त्या माणसाला सावलीत बसवून पाणी दिलं असतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला वेड्यात काढलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर ती सवय लावून घ्यायचं त्यांचं वय नव्हतं.

काम खरोखर साधं होतं. नायगावपासून अकरा किलोमीटरवर आंबुलवाडी. तिथे रस्त्यालगत नवी शाळा बांधली गेली, त्याला सहा वर्षं झाली. गावाच्या मागच्या अंगाला असलेली जुनी शाळा, म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी आणि वर पत्रे, तेव्हापासून बंद पडलेली. आता ती पाडायची होती. पण सरकारी इमारत अशी उठून पाडता येत नाही. आधी तिचं निर्लेखन करावं लागतं. म्हणजे ही इमारत आता इमारत राहिलेली नाही, हे कागदावर मान्य करून घ्यावं लागतं. इमारतीला ते वर्षानुवर्षं माहीत असतं. कागदाला वेळ लागतो. त्या प्रस्तावाला चार फोटो जोडायचे होते. नव्या शाळेची मुख्याध्यापिका राजकन्या ही गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिने नायगावला फोन केला.

"गुरुजी, तुमच्याकडं कॅमेरा हाय म्हणं. मी मोबाईलवर काढले असते, पण म्हणलं, त्या शाळेचे फोटो तुम्हीच काढावं."

कॅमेरा होता. निवृत्तीच्या दिवशी लातूरच्या लेकीने, मंजुश्रीने दिलेला. गुरुजींनी त्याचं माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलं होतं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, आणि सहा वर्षांत एकूण एकोणीस फोटो काढले होते.

फोन ठेवून ते म्हणाले, "काळे-पांढरे काढीन म्हणतो."

अंबिकाबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि घडी पुढे चालू केली.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण गुरुजी ती आपणहोऊन सांगणारे नव्हेत. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. तरुणपणी ते रेल्वेच्या भरतीसाठी सिकंदराबादला गेले होते. तिथल्या डॉक्टरने ठिपक्यांनी भरलेलं एक पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. रांगेतल्या बाकीच्यांना त्या ठिपक्यांत आकडे दिसत होते. मल्लिनाथला ठिपके दिसले. डॉक्टर भला माणूस होता. "बेटा, सिग्नल का काम है," एवढंच म्हणाला आणि पुस्तक मिटलं. मल्लिनाथ उदगीरला परत आला, शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. अंबिकाबाईंनाही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी बायकोसाठी हौसेने हिरव्या बांगड्या आणल्या. त्या लालभडक होत्या. अंबिकाबाईंनी त्या भरल्या, छान आहेत म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याचा सदरा आणि पँट स्वतः निवडून खाटेवर ठेवू लागल्या. त्या विषयावर दोघांचं बोलणं म्हणून कधी झालं नाही.

सगळं असंच निभावलं असतं. पण पंचवीसेक वर्षांपूर्वी, शाळेच्या भिंती बोलक्या झाल्या पाहिजेत, असा वरून आदेश आला. भिंतीवर चित्रं हवीत, अक्षरं हवीत, पाढे हवेत. पेंटर मिळेना. गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच ब्रश हातात घेतला. डब्यांवर रंगांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे पहिले दोन दिवस काम बिनचूक झालं. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचे शिपाई सटवाजी यांनी, डबे फार बरबटलेत म्हणून, ते सगळे हौदावर नेऊन लखलखीत धुऊन आणले. चिठ्ठ्या हौदात राहिल्या. शाळेची किल्ली आणि घंटा सांभाळणारा तो माणूस स्वच्छतेचा फार भोक्ता होता. त्याला काय म्हणणार? आणि आता कोणता डबा कसला, हे विचारणार तरी कुणाला? विचारणं म्हणजे सांगणंच होतं. गुरुजींनी उरलेली भिंत अंदाजाने रंगवली. पोपट, आंब्याचं झाड, टरबुजाची फोड, वर आढ्यापाशी सूर्य, आणि कडेला नऊ रंगांच्या नऊ चौकटी, प्रत्येकीखाली सुरेख अक्षरात नाव.

मुलं काही म्हणाली नाहीत. तपासणीला येणारेही नाहीत. एकदाच केंद्रप्रमुख मुलांच्या चित्रवह्या चाळताना थबकले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडचा सूर्य असा का हो?" असा म्हणजे कसा, हे गुरुजींना कळेना. "मुलांची कल्पनाशक्ती आहे साहेब," ते गंभीरपणे म्हणाले. साहेबांनी शेरेबुकात तसं लिहिलं आणि चहा घेऊन गेले.

लोक हसतील, याची गुरुजींना फारशी भीती नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आपण एकतीस वर्षं मुलांना रंग शिकवले. ते बरोबर शिकवले का? आंबुलवाडीची पोरं शिकून नांदेडला गेली, हैदराबादला गेली. त्यांतला एक लातूरला विजेची कामं करतो. त्याला कुणी लाल वायर जोड म्हटलं, तर तो कोणती जोडत असेल? हा विचार गुरुजींना जेवताना, पूजेला बसताना, केव्हाही येत असे. आता भिंतच पडणार होती. तिच्यासोबत तो प्रश्नही मातीला मिळाला असता. मागे उरणार होता फक्त फोटो, आणि काळ्या-पांढऱ्या फोटोला कुणी रंग विचारत नाही.

ही गोष्ट माणिकप्पांना समजायला अर्धा दिवस पुरला. माणिकप्पा शेजारी राहत, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही कामात पुढे सरकायला सांगायची त्यांची सवय गेलेली नव्हती.

"काळा-पांढराच काढा गुरुजी," ते ओट्यावर बसत म्हणाले. "पडक्या इमारतीला रंग शोभत न्हाई. रंगीत काढला की नुस्ती गरिबी दिसती. काळा-पांढरा काढला की इतिहास दिसतो. माझा साडू हाय ना नांदेडला, त्याच्या घरी भिंतीवर कंधारच्या किल्ल्याचा फोटो हाय. काळा-पांढरा. लोक चपला काढून बघतेत."

गुरुजींना इतकं समर्थन अपेक्षित नव्हतं. ते भारावून गेले आणि माणिकप्पांना सोबत घेऊन आंबुलवाडीला गेले.

फोटो मात्र खरंच चांगले आले. पत्र्याच्या भोकांतून उजेडाच्या तिरप्या काठ्या आत उतरल्या होत्या. दाराची चौकट एका बाजूला कलली होती, भिंतीची तडे गेलेली पांढरी माती उन्हात चमकत होती. दार किती उंच आहे ते कळावं म्हणून गुरुजींनी सटवाजींना दारात उभं केलं. सटवाजी फेटा बांधून, हात जोडून, कॅमेऱ्याकडे रोखून पाहत उभे राहिले. माणिकप्पांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून "झकास" म्हटलं, आणि गुरुजींच्या मनात आलं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण आणि शेजारचा माणूस एकच चित्र बघतो आहोत. त्या आनंदात त्यांनी रंगांच्या भिंतीचाही एक फोटो काढला. नऊच्या नऊ चौकटी करड्या. पोपट करडा, झाड करडं, वरचा सूर्य करडा. सगळं शांत.

प्रस्ताव आठव्या दिवशी परत आला. "सोबतची छायाचित्रे कृष्णधवल असल्याने इमारतीची सद्यःस्थिती स्पष्ट होत नाही." गुरुजी स्वतः कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

"गुरुजी, भिंतीवर हे काळं काय आहे? शेवाळ का सावली?"

"शेवाळ."

"मग हिरवं दिसाया पाहिजे."

गुरुजींना ते कधीच हिरवं दिसलं नव्हतं.

"आणि हे बघा," बाबूंनी दुसरा कागद काढला. "पंचनाम्यात लिहिलंय, आतील भिंतीवर रंगीत चित्रे आहेत. फोटोत चित्रं करडी. दोन्हीतलं एक खोटं ठरतंय. मी कोणावर सही करू? असं करा, मोबाईलवर काढा. ते तारीख आणि ठिकाण खाली आपोआप छापणारं ॲप असतंय ना, त्याच्यावर. रंगीत."

गुरुजी पुन्हा गेले. मोबाईलवर रंगीत फोटो काढले. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. चार झाले. आतली भिंत राहून गेली. माणसाची एखादी गोष्ट अशी राहून जाते, त्यात मुद्दाम काही नसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. प्रस्ताव पाच दिवसांत परत आला. "आतील भिंतीचे छायाचित्र, क्र. ४ म्हणून, जोडावे."

"काढतो," ते राजकन्येला फोनवर म्हणाले, आणि अंबिकाबाईंना घेऊन चार दिवस लेकीकडे लातूरला निघून गेले.

जायच्या आधी मात्र त्यांनी एक काम केलं, आणि तिथेच घात झाला. राजकन्येच्या मनात होतं की शाळा पाडण्याआधी गावाने तिला नीट निरोप द्यावा. रविवारी सकाळी दहाला, जुन्या शाळेच्या अंगणात. जुने विद्यार्थी येतील, चार शब्द बोलतील. त्यासाठी फाट्यावर लावायला एक फ्लेक्स हवा होता. गुरुजींनी दारातल्या सटवाजींचा तो काळा-पांढरा फोटो, त्यांच्या मते आतापर्यंतचा सर्वोत्तम, नायगावच्या श्रीशैल फ्लेक्सवाल्याला मोबाईलवर पाठवला. खाली नेमका मजकूर लिहिला, कारण अर्धवट मजकूर लिहिणं त्यांना जमत नसे: "चित्रात जुनी शाळा. दारात उभे सटवाजी, ग्रामपंचायत सेवक, आंबुलवाडी. निरोप समारंभ रविवार सकाळी दहा, जुनी शाळा. निमंत्रक मुख्याध्यापिका व समस्त गावकरी." श्रीशैलने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. गुरुजी निर्धास्तपणे लातूरच्या बसमध्ये बसले.

शनिवारी संध्याकाळी ते परत आले. रविवारी सकाळी माणिकप्पांसह आंबुलवाडीच्या फाट्यावर उतरले आणि समोर बघून दोघंही जागच्या जागी उभे राहिले.

फ्लेक्स दहा फूट उंच होता. त्यात शाळा नव्हती. सटवाजी होते, कमरेपासून वर, ढगांत. डोक्यामागून किरणं निघाली होती. दोन कोपऱ्यांत दोन समया जळत होत्या. वर मोठ्या अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली "कै. सटवाजी", आणि त्याखाली "शोकाकुल: मुख्याध्यापिका व समस्त गावकरी. रविवार सकाळी दहा, जुनी शाळा."

माणिकप्पांनी टोपी काढली. "परवा तर धडधाकट व्हते हो," ते हळूच म्हणाले.

"ते आजही असतील," गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. दोघं जमेल तेवढ्या भरभर गावाकडे चालू लागले.

गावात काय झालं होतं, ते असं. फ्लेक्स शुक्रवारी संध्याकाळी लागला. दुःखाच्या कामात उशीर नको म्हणून श्रीशैलने तो आपल्या माणसांकरवी स्वतःच बांधून दिला होता. सटवाजी फाट्याकडे महिन्यातून एकदा जायचे. गावातल्यांनी फ्लेक्स पाहिला, पण सटवाजी तर रोज दिसत होते, तेव्हा हा तसाच दिसणारा दुसरा कुणी सटवाजी असेल, असं धरून लोक गप्प राहिले. राजकन्या सुट्टीला नांदेडला गेलेली. फाट्यावरून जाणाऱ्या एका पाहुण्याने मात्र फ्लेक्सचा फोटो काढून हिमायतनगरला पाठवला, हिमायतनगरहून तो इस्लापूरला गेला, आणि रविवारी सकाळी आठ वाजता दोन टेम्पो सटवाजींच्या दारात उभे राहिले. सटवाजींची बायको कावेरीबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. इस्लापूरच्या बहिणीने त्यांना पिठाच्या हातांसकट मिठी मारली आणि हंबरडा फोडला. तो ऐकून मागच्या दाराशी दाढी करत बसलेले सटवाजी अर्ध्या तोंडाला साबण असताना पुढे आले आणि त्यांनी काळजीने विचारलं, "कोण गेलं?"

गुरुजी अंगणात पोहोचले तेव्हा तिथे साठ-सत्तर माणसं होती. नांदेडहून आलेली राजकन्या कपाळाला हात लावून ओसरीवर बसली होती. सटवाजी गुळगुळीत दाढी करून मधोमध खुर्चीवर बसले होते. त्यांच्या गळ्यात, आता आणलाच आहे तर, म्हणून एक हार होता. श्रीशैलला नायगावहून बोलावून आणलं होतं आणि तो ताठ मानेने उभा होता.

"माझी काय चूक ते सांगा," तो म्हणत होता. "रंगीत फोटो आला की वाढदिवस. काळा-पांढरा आला की माणूस गेला. अकरा वर्षं झाली दुकानाला, एकदाबी चुकलो न्हाई. मागं पडकी भिंत व्हती, बरी दिसंना, मी काढून टाकली. ढग माझ्याकडून टाकले."

"ढग चांगले पडलेत," सटवाजी म्हणाले.

"तुमी गप बसा," कावेरीबाई म्हणाल्या. "माझ्या बहिणी माझं कुंकू पुसाया आल्या व्हत्या आन ह्यांना ढग दिसून राहिले."

जमलेल्या लोकांना श्रीशैलचं म्हणणं पटलं होतं. काळा-पांढरा फोटो आला तर कुणीही दुसरं काय समजणार होतं? सटवाजींचे मेहुणे दगडोबा, इस्लापूरचे, वयाने मोठे आणि बोलायला तोलून मापून, ते गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, तुमी शाणे मानूस. आता सगळीकडं रंगीत फोटो निघतेत. पोरगं बी काढतंय. तुमी मुद्दाम असा का काढला?"

"ती कला हाय," माणिकप्पा मध्ये पडले. "पडक्या इमारतीला..."

"कलेपायी दोन टेम्पो आले व्हय?" कावेरीबाई म्हणाल्या, आणि माणिकप्पा पुढचं वाक्य गिळून एका मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले.

सगळे गुरुजींकडे बघत होते. याच अंगणात गुरुजींनी एकतीस वर्षं मुलांना एकच शिस्त लावली होती. चूक झाली तर उभं राहायचं आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. सांगितलं की शिक्षा नाही. किती मुलं इथे उभी राहिली असतील, त्याचा हिशेब नव्हता. कुणी काच फोडली होती, कुणी पेन चोरलं होतं, एकाने तर गुरुजींच्याच सायकलची हवा सोडली होती. उभं राहायची पाळी गुरुजींवर कधी आली नव्हती. त्यांना कुणीतरी खुर्ची दिली होती. ते तीवरून उठले.

"मला रंग दिसत नाहीत," ते म्हणाले. "लाल आणि हिरवा मला एकसारखे दिसतात. जन्मापासून. आतली ती भिंत मी अंदाजाने रंगवली आहे. तिच्यात काय चुकलंय ते मला माहीत नाही, पण चुकलं असणार. ते रंगीत फोटोत येऊ नये, म्हणून मी काळे-पांढरे फोटो काढले. सटवाजी, तुमच्या घरच्यांना त्रास झाला. चूक माझी आहे."

कुणाचंतरी बकरू ओसरीवर चढलं आणि उतरलं.

"ते ठाव हाय की गुरुजी," सटवाजी म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"तुमाला रंग दिसत न्हाई ते. डबे म्याच धुतले व्हते न्हवं. दुसऱ्या दिशी येऊन बघतो तर पोपट इटकरी. टरबूज आतून हिरवं, भायेरून लाल. मी म्हणलं गुरुजीची तब्येत बरी न्हाई. मंग ह्या पोरी आल्या." त्यांनी राजकन्येकडे बोट दाखवलं. "म्हणल्या, मामा, गुरुजीला सांगू नका. सुट्टी हाय, ते जेवाया गेले की आमी नीट करतो."

गुरुजींनी राजकन्येकडे पाहिलं. चाळिशीकडे झुकलेली मुख्याध्यापिका चौथीतल्या मुलीसारखी खाली बघत होती.

"चार दुपारी लागल्या," ती म्हणाली. "तुम्ही नायगावचा डबा सोडून जेवायला बसायचे ना त्या लिंबाखाली, तेव्हा. पोपट केला, झाड केलं, टरबूज केलं. चौकटी केल्या. तुम्हाला कळंल म्हणून भीती वाटायची. मग ध्यानात आलं की तुम्हाला कळणारच न्हाई."

"म्हणजे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," गुरुजी म्हणाले. एवढ्या वर्षांचा प्रश्न, तो इतका लहान निघाला.

"तुम्ही शिकवलंच न्हाई गुरुजी."

गुरुजींचा चेहरा पाहून ती घाईने उठली. "तसं न्हाई. तुम्ही कधी 'हा लाल' म्हणून सांगितलंच न्हाई आम्हाला. तुम्ही विचारायचे. 'हा कोणता?' म्हणून थांबायचे. सगळ्या वर्गाचं एक उत्तर होईपर्यंत थांबायचे. भांडणं व्हायची, तरी थांबायचे. मग घरून त्या रंगाची वस्तू आणायला लावायचे. मी कोथिंबीर आणली होती. तुम्ही ती हातात घेतली, वास घेतला, आणि म्हणाले, 'बरोबर, हिरवा.' मी आता पहिलीला तसंच शिकवते. मला वाटायचं, रंग शिकवायचे म्हणजे वास घ्यायचाच असतो."

कुणी हसलं नाही. गुरुजी खाली बसले. लातूरच्या वायरमनची काळजी, जी त्यांनी इतकी वर्षं जपली होती, ती एकदम सोडून द्यायची म्हणजे त्यांना जड गेलं. मग त्यांनी विचारलं, "सगळं नीट केलंत?"

राजकन्या आणि सटवाजी यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सूर्य राहिला," सटवाजी म्हणाले. "लई उंच व्हता. शिडीवरून बी पोरींचा हात पुरंना."

"कसा आहे सूर्य?"

"हिरवा हाय."

"नंतर आमचा हात पुरला असता," राजकन्या म्हणाली. "सातवीत पुरला असता. पण तोवर तो आवडायला लागला होता."

"आमची पोरं बी तसाच काढतेत," गर्दीतून एक बाई म्हणाली. "तालुक्याला चित्राला नंबर येत न्हाई त्याच्यापायी. पण काढतेत."

केंद्रप्रमुखांना पडलेला प्रश्न गुरुजींना पंधरा वर्षांनी समजला. आपण तेव्हा दिलेलं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, असंही त्यांना वाटलं.

मग पुढचं सगळं आपोआप झालं. आलेच आहेत तर पाव्हणे जेवून जातील, असं कावेरीबाईंनी जाहीर केलं आणि साठ माणसांचं पिठलं रटरटू लागलं. दगडोबांनी सटवाजींबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून रात्रभर मनात जुळवून आणले होते. ते वाया नकोत म्हणून त्यांनी ते सटवाजींच्या समोरच बोलून दाखवले. सटवाजींनी मान डोलावत ऐकले आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. शाळेला निरोप द्यायचा राहतोय, हे जेवणं झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा सगळे हात धुऊन तिच्यासमोर थोडा वेळ नुसते उभे राहिले. फ्लेक्स काढून आणल्यावर श्रीशैल तो फाडायला निघाला, तर सटवाजींनी त्याचा हात धरला.

"ठिवून दे. पुढं कामाला यील. नाव बरोबर हाय."

गुरुजी आत गेले. त्यांनी मोबाईल काढला, ते तारीख छापणारं ॲप उघडलं, भिंतीपासून सात पावलं मागे सरकले आणि फोटो काढला. पडद्यावर त्यांना जे नेहमी दिसायचं तेच दिसलं. त्यांनी मोबाईल सटवाजींपुढे धरला.

"आले का सगळे?"

सटवाजींनी बोट फिरवत एकेक चौकट मोजली. "आले. नऊच्या नऊ. वरचा बी."

प्रस्ताव गेला. बाराव्या दिवशी राजकन्येचा फोन आला. कार्यालयाचं नवं पत्र होतं, आणि ते फोटो काढणाऱ्याच्या नावे होतं. "छायाचित्र क्र. ४ मध्ये भिंतीवरील सूर्य हिरव्या रंगाचा दिसून येतो. सबब सदर छायाचित्रात रंगबदल करण्यात आला आहे किंवा कसे, याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा."

"शेवाळ चढलं म्हणून लिहिते मी गुरुजी," राजकन्या म्हणाली. "शेवाळ त्यांना आधीपासून मान्य हाय."

माणिकप्पांचा सल्ला वेगळा होता. "मोबाईलवर ढकला. चिनी मोबाईल हाय, रंग मारतो म्हणून लिहा. मोबाईलला काय इज्जत हाय?"

गुरुजींनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग टेबलाशी बसून कोरा कागद घेतला, डावीकडे समास आखला, वर विषय आणि संदर्भ लिहिले आणि पहिल्या वाक्यावर अडले. चहा घेऊन आलेल्या अंबिकाबाई तिथेच उभ्या राहिल्या. रविवारची हकीकत त्यांना माणिकप्पांकडून तीनदा ऐकायला मिळाली होती, आणि तिन्ही वेळा त्या काही बोलल्या नव्हत्या.

"पहिल्या संक्रांतीला तुम्ही बांगड्या आणल्या होत्या," त्या आता म्हणाल्या.

"हिरव्या."

"लाल होत्या."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं.

"फुटल्या का?"

"दोन फुटल्या. बाकीच्या आहेत." त्यांनी चहाची बशी कागदापासून जरा लांब सरकवली. "मला आवडायच्या."

त्या आत गेल्या. गुरुजींनी पेन उचललं आणि, मुलांना सुलेखन घालून द्यावं तशा ठळक, गोल, सावकाश अक्षरांत खुलासा पूर्ण केला.

"उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, छायाचित्र क्र. ४ मध्ये कोणताही रंगबदल केलेला नाही. आंबुलवाडीच्या शाळेतील सूर्य हिरवाच आहे. तो मी काढला आहे."